नदीवर थांबायचं नाही

अण्णा,

तुमच्या नावावर मी एक खोटं खपवलं आहे. खपवलं तेव्हा वाटलं होतं की एका दुपारपुरतं आहे, चुलीतल्या लाकडांबरोबर विझून जाईल. पण ते आमच्याबरोबर विमानात बसून इथे जर्मनीत, बोब्लिंगेनला घरी आलं आणि आता त्याने चांगलं बाळसं धरलं आहे. तुमचा नातू तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेलात त्यानंतर बऱ्याच वर्षांनी तो झाला. आता चौदाचा आहे, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये देतो, आणि सांगलीचं नाव काढलं की त्याचं तोंड वाकडं व्हायचं. दिवाणखान्यात तुमचा फोटो आहे, त्याच्याखाली तो वर्षानुवर्षं आपला मोबाईल चार्जिंगला लावत आला; हे कोण, कसे होते, एकदा म्हणून विचारलं नाही. आणि गेल्या फेब्रुवारीपासून तो दर दोन दिवसांनी जेवताना तुमच्याबद्दल काहीतरी विचारतो. मी त्याला आणखी भात वाढते.

आधी रविवारच्या फेऱ्यांबद्दल लिहिते, कारण माझ्या खोट्याला कच्चा माल तिथूनच मिळाला. तुमची स्कूटर, पुढे मी उभी, मागे आई, आणि तुम्हा दोघांच्या मध्ये चेपून बसलेला धाकटा. सांगलीहून निघायचं, कृष्णा ओलांडायची, उसाच्या रानांतून वारणेपर्यंत जायचं, वारणेपलीकडे कुठेतरी भेळ खायची आणि येताना जयसिंगपूरकडून अंकलीच्या पुलावरून घरी. गेलो त्या वाटेने परत यायचं नाही, हा तुमचा नियम. आई पेट्रोलवरून कुरकुरायची, पण तुमचं उत्तर ठरलेलं, "त्याच रस्त्याने परत यायचं तर निघायचं कशाला?" आणि दुसरा नियम पुलाचा. पूल आला की स्कूटर कडेला घ्यायची, स्टँडवर लावायची, चपला काढायच्या आणि कठड्याशी उभं राहून नदीला हात जोडायचे. चालत्या गाडीवरून मान तुकवणारे तुम्हाला पटायचे नाहीत. तुम्ही म्हणायचात, "कुणाच्या अंगणातून जायचं तर घटकाभर थांबून सांगतो ना आपण?" मागून ट्रक हॉर्न वाजवायचे, आई म्हणायची, "अहो, चला आता, पोरं उन्हात उभी आहेत," पण तुमचं आणि नदीचं बोलणं आटोपेपर्यंत कोणी हलायचं नाही. पुढे मी मोठी झाले, आई यायची बंद झाली, मागे मी बसायला लागले, तरी हे चालूच राहिलं. मी तुमच्या शेजारी हात जोडून, डोळे गच्च मिटून उभी राहायचे. घरी पाहुणे आले की तुम्ही कौतुकाने सांगायचात, "आमची पोरगी पुलावर डोळे मिटते, तेव्हा तिला जगाचं भान नसतं." मी चहाचे कप गोळा करून आत न्यायचे.

आता फेब्रुवारीतलं सांगते. इथल्या शाळांना फाशिंगची, म्हणजे कार्निव्हलची, सुट्टी असते, त्या सुट्टीत आम्ही तिघं फिनलंडच्या पार उत्तरेला गेलो. ह्यांना कुत्र्यांच्या गाडीत बसायचं होतं, मुलाला अंथरुणातून उठायचंच नव्हतं, आणि मला स्नोमोबाईल चालवायची होती. तुम्हाला कळावं म्हणून सांगते, बर्फावरची स्कूटरच म्हणा: पुढे दोन पट्ट्या, मागे दातेरी रबरी पट्टा, हँडलच्या मुठी आतून गरम होतात, आणि गॅस उजव्या अंगठ्याने दाबायचा. अंगठा सोडला की मशीन जागच्या जागी थांबतं. गावातल्या टूरवाल्यांच्या ऑफिसात भिंतभर नकाशा होता आणि त्यावर रंगारंगाचे गोल काढलेले होते. एक तळ्यांचा गोल, एक डोंगराचा, एक नदीचा. गावातून निघायचं, दिवसभर हिंडायचं आणि दुसऱ्याच बाजूने गावात शिरायचं. ह्या गोलांसाठी लोक दरवर्षी इतक्या लांब येतात, आपापली हेल्मेटं घेऊन. तो नकाशा बघून मला आपल्या फेऱ्या आठवल्या असं मी इथे लिहायला हवं. वाचायलाही बरं वाटलं असतं. पण नाही आठवल्या. मी नदीचा गोल निवडला कारण त्यांच्या वेबसाइटवर त्याचे फोटो सर्वात छान होते.

आमची गाइड माझ्याच वयाची एक बाई होती, मोजकं बोलणारी. निघण्यापूर्वी तिने आम्हाला उभं करून इंग्रजीत एकच गोष्ट तीन तऱ्हांनी सांगितली. नदीवर थांबायचं नाही. नदी गोठलेली असते, माणसाला काय, ट्रकलाही पेलते. पण बर्फाच्या ओझ्याने ती घट्ट लादी दबते, फटींतून पाणी वर येतं आणि वरच्या भुसभुशीत बर्फाखाली लपून बसतं. वरून सगळं पांढरं, कोरडं. मशीन पळत असेल तर त्यावरून निघून जातं. थांबलं की खचतं. "काहीही झालं तरी अंगठा सोडू नका," ती म्हणाली आणि तिने माझ्याकडेच पाहिलं, कारण माझ्या मागे मुलगा बसणार होता. मी इतक्या जोरात मान हलवली की हेल्मेट डोळ्यांवर आलं. मी ब्रेकवर काम करणारी इंजिनिअर आहे, अण्णा. कुठे थांबायचं आणि कुठे नाही, ह्याचाच पगार घेते.

सकाळ सुंदर होती. पुढे गाइड, मध्ये हे, शेवटी आम्ही दोघं. बर्फाने वाकलेली झाडं, वाटेच्या कडेने रोवलेल्या लाल टोकाच्या काठ्या, आणि सूर्य इतका खाली की झाडांच्या सावल्या पलीकडच्या टेकडीवर चढलेल्या. गाइडचं मशीन जुनं, टू-स्ट्रोक होतं. त्याच्या धुराला अगदी तुमच्या स्कूटरचा वास येत असणार. मला आला नाही, नाकातोंडावर मास्क होता. मुलगा पाठीमागून माझ्या कमरेला धरून बसला होता. पाचवीनंतर त्याने मला असं कधी धरलं नव्हतं, आणि मी मनातल्या मनात खूश होते. मग झाडी संपली, वाट उतरली आणि आम्ही नदीवर आलो. रुंद, पांढरी, मधोमध आमची वाट, पुढे ह्यांचं मशीन उडवत नेत असलेला बर्फ, आणि त्या उडत्या बर्फात सूर्याने सांडलेला गुलाबी रंग. मला ते हवं होतं. व्हिडिओ करून कॉलेजच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकायला हवं होतं. त्यातली एक नुकतीच स्वित्झर्लंडला जाऊन आली होती, तिने आम्हाला आठवडाभर छळलं होतं. बस, एवढंच होतं मनात. मी अंगठा सोडला. दोन्ही हातमोजे काढले, कारण मोबाईल छातीवरच्या खिशात होता आणि चेन बारीक होती.

मोबाईल बाहेर आलाच नाही. खालून एक सुस्कारा आल्यासारखं झालं आणि मशीन मागच्या बाजूने खाली बसलं. पांढऱ्यावर राखाडी पाणी चढलं. मी काही म्हणायच्या आत मुलगा मदत करायला म्हणून खाली उतरला, ढकलायला. पहिलाच पाय गुडघ्याच्या वरपर्यंत पाण्यात गेला. आवाज फुटायच्या वयाचा आहे तो, आवाज जाड झालाय. पण तेव्हा तो लहानपणीच्या आवाजात "आई" म्हणाला, मराठीत. तापमान उणे वीसच्या खाली होतं तेव्हा. गाइडने मागे वळून पाहिलं, मोठा वळसा घालून काठावरच्या घट्ट जागी आपलं मशीन उभं केलं आणि दोर फेकला. आधी त्याला ओढलं, मग मला, मशीन सगळ्यात शेवटी. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

काठावर वाटसरूंसाठी लाकडी खोपटं होतं, मध्ये चूल. गाइडने जाळ केला, मुलाचा बूट उतरवला, मोजा सोलून काढला. पाऊल मेणाच्या रंगाचं झालं होतं आणि दोन बोटांना काही कळत नव्हतं. चोळायला गेले तर तिने माझा हात बाजूला केला. म्हणाली, जॅकेट उघड, पोटावर धर. म्हणून मी कपडे वर केले आणि ते बर्फासारखं पाऊल उघड्या पोटाला लावून बसले. अण्णा, त्या थंडीने माझा श्वास अडकला, तरी मी त्याला आणखी घट्ट धरलं. हे समोर उभे होते. एरवी माझ्यावर आवाज न चढवणारा माणूस, पण तेव्हा ओरडला. "का थांबलीस? अगं, तिने तीनदा सांगितलं होतं. का थांबलीस तू?" गाइडला मराठी येत नाही, पण तिला प्रश्न कळला असावा. तिनेही माझ्याकडे पाहिलं. आणि मुलगा, ज्याचं पाऊल माझ्या पोटावर होतं, तोही पाहत होता.

मी म्हणाले, "माझे वडील नदी आली की थांबायचे." कुठून आलं ते मला माहीत नाही. तोंड उघडलं आणि तुम्ही बाहेर आलात. मग ते थांबेना. पूल सांगितले, चपला सांगितल्या, अंगणातून जाताना सांगून जायचं ते सांगितलं, "नदी दिसली आणि हात आपोआप जोडले गेले" असंही सांगितलं, आणि सांगता सांगता रडायला लागले. रडणं खरं होतं, ते त्या दोन बोटांसाठी होतं. पण तिथे बसलेल्यांना ते तुमच्यासाठी वाटलं, आणि मी वाटू दिलं. ह्यांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणाले, "बरं, बरं. होतं असं." गाइडसाठी मी तेच इंग्रजीत पुन्हा सांगितलं, तोवर सराव झाला होता. ती जाळाकडे बघत राहिली आणि म्हणाली, पुढच्या वेळी चालता चालता नमस्कार कर. आणि मुलगा म्हणाला, "एश्ट? आजोबा खरंच थांबायचे? इमर?" मी म्हटलं, हो, नेहमी. त्याने थोडा विचार केला आणि ह्यांच्याकडे वळून जर्मनमध्ये म्हणाला, म्हणून तिने हातमोजे काढले, पापा. मी पाहिलं ना. नमस्कारासाठी काढले. गेनाऊ, अगदी म्हणूनच.

माझ्या बाजूने साक्ष द्यायला तोच उभा राहिला. त्यानंतर मला खरं बोलायला जागाच उरली नाही, म्हणजे मी उरू दिली नाही. बोटांत हळूहळू रंग आला, त्याला मुंग्या आल्या, तो कळवळला, आणि गाइडने पहिल्यांदा हसून सांगितलं की दुखतंय म्हणजे ठीक आहे. गोल अर्धाच राहिला. तिने आम्हाला गेलो त्याच वाटेने सरळ गावात परत आणलं.

तुम्हाला दुधाचं आठवतं का? मी सहावीत असेन. आईने गॅसवर दूध ठेवून मला लक्ष द्यायला सांगितलं होतं आणि मी ओट्याला टेकून गोष्टीचं पुस्तक वाचत होते. दूध उतू गेलं, शेगडी भरली, करपल्याचा वास घरभर. मी सांगितलं की धाकट्याने गॅस मोठा केला. त्याला आईचा धपाटा बसला. तुम्ही त्या वेळी पेपर वाचत होता, वर पाहिलंही नाही. रात्री मला गॅलरीत बोलावून इतकंच म्हणालात, "दूध गेलं त्याचं काही नाही गं. त्याचं नाव का घेतलंस?" तुम्ही वाट पाहिलीत, मग म्हणालात, "जा, झोप." मला वाटतं त्या दिवशी तुम्ही मला मारलं असतं तर मी विसरून गेले असते. धाकट्याला निदान नाही म्हणता आलं होतं, रडून का होईना. तुमचं नाव घेताना मला ठाऊक होतं की तुम्ही काही म्हणू शकणार नाही.

आणि घरी आल्यावर हे सगळं वाढतच गेलं. मुलाने शाळेत वर्गापुढे सांगितलं, शिक्षिकेला आवडलं. माझ्या भावाला त्याने स्वतः होऊन फोन केला, मोडक्यातोडक्या मराठीत, आजोबांची स्कूटर आहे का म्हणून. आहे, भावाने शेडमध्ये ताडपत्री घालून ठेवली आहे. आता डिसेंबरमध्ये त्याला सांगलीला जायचं आहे. त्याला ती फेरी करायची आहे, पुरी, गोल, तिन्ही पुलांवर थांबून. ज्या मुलाला मी इतकी वर्षं लालूच दाखवून न्यायचे, तो तिकीट कधी काढतेस म्हणून माझ्या मागे लागला आहे. खरं सांगितलं तर ह्यातलं काय उरेल? तुम्ही थांबायचात हे खरंच आहे की. मी थांबले ते कशासाठी, एवढंच खोटं आहे. पण त्याने पाय ठेवला आहे तो नेमका त्या एवढ्याशा खोट्यावर.

मागच्या शनिवारी त्याची हँडबॉलची मॅच होती, बाड कानस्टाटला. आम्ही एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, निघालो. स्टुटगार्टचा बोगदा संपून गाडी उजेडात आली तसं मी मनाशी ठरवलं की आता सांगायचं, पुलाच्या आधी. म्हटलं, "ऐक ना, तुला एक सांगायचं होतं. फिनलंडला मी नदीवर थांबले ना, ते..." त्याने कानातली गाण्याची यंत्रं काढली आणि मला तळहात दाखवला. "मोमेंट, आई. नेकार." गाडी नेकार नदीच्या पुलावर आली होती. समोर एक आजीबाई कुत्र्याला घेऊन बसल्या होत्या, शेजारी त्याच्याच टीमची दोन पोरं. त्याने पायातले बूट टाचेने टाचेने काढले, मोजे घातलेली पावलं जमिनीवर ठेवली आणि हात जोडले. गाडी थांबवता येत नाही म्हणून बूट तरी काढायचे, असं त्याने स्वतःच ठरवलं असावं. पोरं आपापल्या मोबाईलमध्येच होती, त्यांना सवय झालेली दिसली. पूल संपला. "व्हास? काय सांगणार होतीस?" मी म्हटलं, "काही नाही. पाण्याची बाटली घेतलीस ना?"

मी स्वतःला समजावते की ज्या वाटेने आलो त्या वाटेने परत फिरायचं नाही हे अण्णांनीच शिकवलं. बघा, पुन्हा तुमच्याच नावावर. सवय लागली आहे.

हे पत्र कुठेही जाणार नाही. तुम्हाला हरिपूरच्या संगमावर सोडलं तेव्हा मी ड्रेस्डेनला शिकत होते, मला पोचायला उशीर झाला, भावाने सगळं केलं. ती बातमी आली त्या सकाळी मी रोजच्यासारखी ट्रामने एल्बे नदीचा पूल ओलांडून युनिव्हर्सिटीत गेले होते आणि हात जोडले नव्हते. म्हणून छापून संगमावर सोडायचं वगैरे मी करणार नाही, ते पुन्हा कुणाला तरी दाखवण्यासारखंच होईल. डिसेंबरमध्ये मी त्याच्या शेजारी कठड्याशी उभी राहीन. त्याला सांगून झालेलं असेल की नाही, मला आज खरंच माहीत नाही.

पण तुम्हाला एक सांगून ठेवते. एस-बानमध्ये तो हात जोडून बसला होता तेव्हा मी नदीकडे पाहिलंच नाही, त्याच्या तोंडाकडे पाहत होते. त्याचे डोळे उघडे होते. तो पाण्याकडे बघत होता. पुलावर मी डोळे मिटायचे ना, ज्याचं तुम्ही पाहुण्यांना सांगायचात, ते नमस्कारासाठी नव्हतं, अण्णा. वर्गातलं कोणी जाताना मला तुमच्याशेजारी बघेल, ते मला दिसायला नको म्हणून मिटायचे.